माल किती भरू? आधी बघा, संपला तर परत कधी मिळेल

या वेळी प्रश्न भरपूर आले आणि जवळजवळ सगळे एकाच विषयावरचे, सीझनचा माल. साहजिकच आहे, यंदा चवथ (गणेश चतुर्थी) 14 सप्टेंबरला, दिवाळी 8 नोव्हेंबरला, मग डिसेंबरात जुन्या गोव्याचं फेस्त, ख्रिसमस, न्यू इयर, म्हणजे गोव्यातल्या दुकानदाराचं अख्खं वर्ष या चार महिन्यांवर चालतं. त्यातले पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : म्हापशाला आमचं किराणा दुकान आहे. दर चवथीला तेच होतं, रवा, गूळ, तेल यातलं काहीतरी आदल्या दोन दिवसांत संपतं आणि दुसरं काहीतरी पोत्यांनी उरतं. गेल्या वर्षीची बिलं बघूनच ऑर्डर काढतो तरी अंदाज चुकतो. हिशोब कसा करायचा?

भाऊ, बिलं बघता हे चांगलंच आहे, पण बिलात फक्त विकलेला माल दिसतो, विकला गेला असता तो दिसत नाही. समजा गेल्या वर्षी बारीक रवा चवथीच्या दोन दिवस आधी दुपारीच संपला, तर कॉम्प्युटर त्या संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवसाची विक्री शून्य दाखवणार, तुम्ही तोच आकडा धरून यंदा ऑर्डर देणार, आणि यंदा परत संपणार. फोंड्याच्या मार्केटात एका दुकानात मी बघितलंय, काउंटरच्या खिळ्याला सुतळीने शाळेची वही बांधून ठेवलीय, गिऱ्हाईक काही मागून रिकाम्या हाताने परत गेलं की पोरगा लगेच लिहितो, काय मागितलं, किती वाजता, किती पाहिजे होतं. एका ओळीत होतं, 'बा. रवा, साडेचारला खलास, 7 जण परत, एकाला 5 किलो'. पुढच्या वर्षीची ऑर्डर बनवायला ही एक ओळ महिन्याभराच्या बिलांपेक्षा जास्त सांगते. आजपासून अशी वही लावा, सीझनची वाट बघू नका.

दुसरी गोष्ट तारखेची. चवथ 2023 ला 19 सप्टेंबरला होती, 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला आणि यंदा 14 सप्टेंबरला. म्हणजे 'गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एवढं गेलं' याला यंदा काही अर्थच नाही. तुलना करायची ती सणाच्या आधी किती दिवस राहिले ते मोजून, चवथीच्या 10 दिवस आधी किती, 5 दिवस आधी किती, आदल्या दिवशी किती. आणि वार पण बघा. गेल्या वर्षी बुधवार होता आणि महिनाअखेर होती, यंदा सोमवार आहे आणि पगार होऊन दोन आठवडे झालेले असणार. तुम्ही तर म्हापशाचे, 11 तारखेला शुक्रवारचा बाजार, मग शनिवार, मग चवथीच्या आदला रविवार, सगळी गर्दी या तीन दिवसांत एकावर एक येणार. गेल्या वर्षी जी विक्री आठवडाभर पसरली होती ती यंदा या तीन दिवसांत येईल असं धरूनच तयारी करा.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जण 'किती खपेल' याच्यावरच डोकं चालवतात. मी म्हणतो, आधी प्रत्येक वस्तूसमोर लिहा, ही आता संपली तर परत दुकानात यायला किती दिवस लागतील. आपल्याकडे बेळगावचा माल चोर्ला किंवा अनमोड घाटाने येतो, कोल्हापूरकडचा आंबोलीने वगैरे, आणि चवथ येते नेमकी पावसात. 2025 च्या जुलैत अनमोड घाटात रस्ता खचला आणि जड वाहनं बंद झाली, त्याच्या आदल्या वर्षी जुलैतच पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून कोकण रेल्वे अडकली होती. एरवी दोन दिवसांत येणारा ट्रक अशा वेळी लांबच्या रस्त्याने फिरून येतो, तोही आधी मोठ्या पार्ट्यांकडे.

तेलाचं उदाहरण घेऊ. समजा एरवी रोज 4 बॉक्स जातात आणि चवथीच्या आठवड्यात रोज 12. माल यायला 2 दिवस धरले तर 24 बॉक्स शिल्लक असताना पुढची ऑर्डर गेली पाहिजे. पण घाट अडला आणि 5 दिवस लागले तर ते 24 दोन दिवसांत संपणार आणि तीन दिवस तुम्ही बिनतेलाचे बसणार, तेही नेमके नेवऱ्या (करंज्या) तळायच्या दिवसांत. म्हणून सीझनला 60 बॉक्स शिल्लक असतानाच ऑर्डर टाकायची. जास्तीचे झाले 36 बॉक्स. पाऊस कमी पडला, ट्रक वेळेवर आला, आणि ते 36 सगळेच्या सगळे उरले तरी तुमच्या एरवीच्या विक्रीने 9 दिवसांत संपतात. बॉक्स 1,800 रुपयांचा धरला तर अडकलेले पैसे झाले 64,800, वर्षाला 12 टक्क्यांनी त्याचं 9 दिवसांचं व्याज दोनशे रुपयांच्या आत. एवढ्यासाठी चवथीचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात पाठवायचं नाही, कारण ते तेलासाठी गेलं की पूर्ण यादी घेऊन जातं.

पण हाच हिशोब रव्याला लावू नका. पावसात रव्याला जाळी धरते, पोरकिडे होतात, आणि उरलेला रवा महिनाभर तसाच बसला तर विकण्यासारखा राहत नाही. रवा, मैदा, बेसन दोन हप्त्यांत मागवा, अर्धा दहा-बारा दिवस आधी, अर्धा चार-पाच दिवस आधी, म्हणजे घाट अडलाच तर निदान अर्धा हातात असतो आणि दुसरा हप्ता पहिल्याची विक्री बघून कमीजास्त करता येतो. पोती फळ्यांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका, आणि ज्याची एक्स्पायरी आधी तो माल पुढे. नारळ, केळी, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांचं) सामान यांची काळजी तर याहून कमी, ते सत्तरी, पेडणे, दोडामार्गाकडून आदल्या दोन-तीन दिवसांत बाजारात येतंच, त्यात पैसे अडकवायची गरज नाही.

एक छोटी गोष्ट राहिली. 50,000 रुपयांच्या वरचा माल राज्याबाहेरून येतो तेव्हा ई-वे बिल (जीएसटीतला माल वाहतुकीचा कागद) लागतं आणि त्याची मुदत साधारण 200 किलोमीटरला 1 दिवस. बेळगावहून येणारा ट्रक घाटात रात्रभर अडकला तर मुदत संपू शकते. ती संपायच्या 8 तास आधीपासून संपल्यानंतर 8 तासांपर्यंत वाढवून घेता येते, तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच विचारून ठेवा की हे रात्री कोण करणार.

प्रश्न : सीझनला डिस्ट्रिब्युटर मागू तेवढा माल देत नाही, वाटून देतो. त्यामुळे आमच्या लाइनमधले सगळे 10 पेट्या पाहिजेत तर 30 सांगतात. मी पण तसंच करावं का? — कुडचडेचे एक दुकानदार

नको. तुम्हाला राग येतो ते समजतं, खरं सांगणाऱ्याला 3 पेट्या आणि खोटं सांगणाऱ्याला 10 हे कोणालाच पटणार नाही. पण पुढे काय होतं बघा. वीस दुकानदारांनी तिप्पट सांगितलं, डिस्ट्रिब्युटरने त्यावर स्वतःचं थोडं वाढवून कंपनीला कळवलं, कंपनीला वाटलं गोव्यात मागणी उसळली, फॅक्टरीत उत्पादन वाढलं, आणि हा सगळा माल खाली उतरतो तो सण झाल्यावर. मग नोव्हेंबरात सेल्समन दारात उभा, 10 वर 2 फ्री, घ्याच म्हणून. हे फक्त आपल्याकडचं नाही. प्रॉक्टर अँड गँबलच्या लोकांना पॅम्पर्सच्या बाबतीत हेच दिसलं होतं, बाळं रोज तेवढेच डायपर वापरतात, दुकानातली विक्री जवळजवळ एकसारखी, पण डिस्ट्रिब्युटरच्या ऑर्डरी मात्र भलत्याच वरखाली. 1997 मध्ये हाऊ ली या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो अभ्यास मांडला त्यात चार कारणं दिलीत, आणि त्यातलं एक नेमकं तुमचंच, माल कमी मिळेल म्हणून फुगवून मागणं. दुकानातला छोटा चढउतार कंपनीपर्यंत जाताना असा फुगत जातो, याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात.

तुम्ही काय करायचं, तर डिस्ट्रिब्युटरला आठवड्याप्रमाणे लिहून द्या, या आठवड्यात इतक्या पेट्या, पुढच्या आठवड्यात इतक्या, आणि पहिल्या आठवड्याचे पैसे आधी. सीझनला त्याच्यावर वरून टार्गेटचं प्रेशर असतं आणि हातात रोख नसते, वेळेवर पैसे देणारी आणि नंतर माल परत न करणारी पार्टी त्याला पाहिजेच असते. सोबत एक नोंद ठेवा, किती मागितलं आणि किती मिळालं. दोन सीझनची अशी नोंद घेऊन त्याच्यासमोर बसा, बोलणं वेगळंच होतं. आणि तरी तो तुम्हाला कमीच देत राहिला तर एक तृतीयांश खरेदी दुसऱ्या ब्रँडकडे वळवा, पण चवथीच्या तोंडावर नाही, आतापासून, कारण नवीन पार्टीला सीझनमध्ये कोणी उधार देत नाही.

प्रश्न : मी साखळीला बी.कॉम.ला आहे. अमेरिकेतली मोठी दुकानं ख्रिसमसचा माल कधीपासून भरतात? आणि एवढी कॉम्प्युटर असून त्यांचं पण चुकतं का?

चुकतं, आणि मोठं चुकतं. त्यांचा बराच माल चीनमधून बोटीने येतो, त्यामुळे ख्रिसमसच्या ऑर्डरी वर्षाच्या पहिल्या अर्ध्यातच जातात, माल उन्हाळ्यात बनतो, ऑगस्ट ते ऑक्टोबर बोटींची गर्दी असते, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग झालं की दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ब्लॅक फ्रायडेपासून, विक्रीचा जोर. म्हणजे माणूस खरेदीला निघतो त्याच्या सहा-आठ महिने आधी कोणीतरी आकडा ठरवून मोकळं झालेलं असतं.

2021 ला काय झालं ते वाच. मार्चमध्ये एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवस वाहतूक बंद. त्याच वर्षी ख्रिसमसच्या आधी लॉस एंजेलिस आणि लाँग बीचच्या बंदरांबाहेर शंभरच्या वर जहाजं माल उतरवायची वाट बघत उभी होती. वॉलमार्ट, होम डेपो अशा कंपन्यांनी स्वतःसाठी जहाजं भाड्याने घेतली. माल वेळेत येत नाही म्हणून सगळ्यांनी ऑर्डरी आधी टाकल्या आणि वाढवून टाकल्या, वर कुडचडेच्या दुकानदाराला जे सांगितलं तेच, फक्त जहाजांच्या मापाने. मग 2022 मध्ये बंदरं मोकळी झाली, सगळा माल एकदम आला, तोपर्यंत लोकांची आवड बदललेली, आणि जूनमध्ये टार्गेट कंपनीने जाहीर केलं की किमती उतरवून माल काढणार आणि काही ऑर्डरी रद्द करणार. टीव्ही, अंगणातलं फर्निचर, स्वयंपाकघरातली छोटी मशीनं, हेच जास्त साठलं होतं. 2023 च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले तेव्हा आशियातून युरोपला जाणारी बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, प्रवास दहा दिवस ते दोन आठवडे लांबला.

आणि आपल्याकडचं उदाहरण पाहिजे तर 6 ऑक्टोबर 2014, फ्लिपकार्टचा पहिला बिग बिलियन डे. वेबसाइट बसली, वस्तू काही मिनिटांत संपल्या, ऑर्डरी रद्द झाल्या, आणि संस्थापकांनी ग्राहकांना ईमेल पाठवून माफी मागितली. माल, वेबसाइट, गाड्या, माणसं, यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्याचा उपयोग होत नाही. प्रोजेक्टला विषय शोधत असशील तर साखळीच्याच बाजारात चार दुकानांना विचार की त्यांचा माल कुठून, कुठल्या घाटाने, किती दिवसांत येतो. पुस्तकात मिळणार नाही असं बरंच हाती लागेल.

प्रश्न : मी घरी नेवऱ्या, चकल्या, शंकरपाळी करते, सोबत दोघीजणी आहेत. एका सुपरमार्केटने चवथीला पाव किलोची 300 पॅकेटं मागितलीत, सगळी एकदम, सणाच्या तीन दिवस आधी, आणि पैसे दोन महिन्यांनी. घेऊ का ऑर्डर? — डिचोलीची एक वाचक

ताई, ऑर्डर घ्या पण त्यांच्या अटींवर नाही. 300 पॅकेटं म्हणजे 75 किलो. तिघीजणी मिळून दिवसाला 8 किलो केलं तरी 9 दिवसांच्या वर जातात, तेही गॅस संपला नाही, कोणी आजारी पडलं नाही, वीज गेली नाही तर. म्हणून 'सगळं एकदम ताजं' हे जमणारं नाही आणि ते त्यांना आधीच सांगायचं. शंकरपाळी आणि चकली आधी करा, ती टिकतात, फक्त पावसात सादळतात म्हणून पूर्ण थंड झाल्या की लगेच सील करायच्या, उघड्या डब्यात रात्रभर ठेवायच्या नाहीत. नेवऱ्या शेवटी, आणि दुकानासाठी सारण सुक्या खोबऱ्याचं आणि रव्याचं घ्या, ओल्या नारळाच्या नेवऱ्या घरच्या ओळखीच्या ऑर्डरींनाच. डिलिव्हरी दोनदा ठरवा, एक आठवडाभर आधी, एक तीन दिवस आधी. त्यांचाही फायदा आहे यात, पहिल्या डिलिव्हरीत काय खपलं ते बघून दुसरीत काय जास्त द्यायचं ते सांगता येतं. आणि ऑर्डर बदलायची शेवटची तारीख लिहून घ्या, त्यानंतर कमीजास्त नाही, कारण तेल, खोबरं, पाकिटं तुम्ही आधीच घेतलेली असणार.

पैशांचं नीट ऐका. तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच ऑनलाइन करा, फुकट असते. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर व्याज द्यावं लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. दोन महिने ही अटच कायद्यात बसत नाही. भांडायला जाऊ नका, बिलावर उद्यम नंबर छापा आणि शांतपणे सांगा की 45 दिवसांच्या आतली तारीख घाला आणि निम्मे पैसे डिलिव्हरीच्या वेळी द्या. न खपलेला माल परत घ्यायची अट घालतील, ती पॅक केलेल्या, न उघडलेल्या आणि सणाच्या दिवसापर्यंत परत आलेल्या पाकिटांपुरतीच ठेवा. चवथ झाल्यावर पंधरा दिवसांनी सादळलेली चकली परत आली तर त्या चकलीचा भुर्दंड तुमच्या घरावर पडता कामा नये. तुमच्यासारख्या बायकांच्या मेहनतीवर सणाचं अर्धं दुकान भरतं, तेव्हा ही अट मागताना अजिबात संकोच करू नका.

प्रश्न : पेडण्याला आमचं गिफ्ट आणि डेकोरेशनचं दुकान आहे. कागदी आकाशकंदील आणि एलईडी माळा दोन्ही ठेवतो. कंदील उरले की फुकट जातात, कमी आणले तर लोक म्हापशाला जातात. किती आणायचे?

याला एक सोपा हिशोब आहे. दोन आकडे काढा, एक वस्तू कमी पडली तर किती गेलं आणि एक उरली तर किती गेलं. कंदील समजा 120 ला घेता आणि 200 ला विकता, कमी पडला तर 80 चा फायदा गेला. उरला तर पावसाळ्यात कागद ओला होतो, रंग उतरतो, पुढच्या वर्षी कसाबसा 20 ला जातो, म्हणजे 100 गेले. 80 ला 80 अधिक 100 ने भागा, 0.44. याचा अर्थ असा, एवढे आणा की शंभरातल्या 44 वेळा ते पुरतील. म्हणजे नेहमीच्या खपापेक्षा थोडे कमीच.

आता माळ घ्या. 150 ला घेतली, 220 ला विकली, कमी पडली तर 70 गेले. पण उरली तर? चवथीला उरलेली दिवाळीला जाते, दिवाळीला उरलेली ख्रिसमसला, कोणाच्या येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यावर, कोणाच्या नाताळाच्या झाडावर. नुकसान फार तर 10 रुपये, अडकलेल्या पैशांचं आणि जागेचं. 70 ला 80 ने भागलं तर 0.88 च्या आसपास, म्हणजे शंभरातल्या 88 वेळा पुरतील एवढ्या आणायच्या, नेहमीच्या खपापेक्षा बऱ्यापैकी जास्त. एकाच दुकानात, एकाच सणाला, दोन वस्तूंचं उत्तर उलटं येतं.

म्हणून माळांची ऑर्डर चवथीच्या आधीच एकरकमी टाका, तीन सणांचा भाव एकदम मिळतो. कंदिलाचे मात्र तीन भाग करा, पहिला दिवाळीच्या तीन आठवडे आधी, दुसरा पहिल्याची विक्री बघून, आणि तिसऱ्यासाठी जवळचा कोणी कारागीर आहे का बघा जो दोन दिवसांत 20-25 करून देईल. तो नगाला 20 रुपये जास्त घेईल, तरी घ्या, कारण त्याचा माल उरत नाही आणि घाटही ओलांडत नाही. शेवटच्या दोन दिवसांत कोणी गिऱ्हाईक ठरावीक रंग मागत परत जात असेल तर तेही पहिल्या उत्तरात सांगितलेल्या वहीत लिहा, पुढच्या वर्षीचा पहिला भाग त्याच रंगांचा मागवायचा.